डॉ. जॉन्सन यांची ‘वाईट सवय’

साधारण १७५३ मधली गोष्ट. लंडनमध्ये चित्रकार विल्यम होगार्थ आपले मित्र, कादंबरीकार सॅम्युअल रिचर्डसन यांच्या घरी बसले होते. खिडकीपाशी एक धिप्पाड माणूस उभा होता. तो सारखी मान हलवत होता, अंग विचित्रपणे इकडून तिकडे झुलवत होता. होगार्थ यांनी मनाशी ठरवून टाकले, की हा कोणी मतिमंद इसम असणार. नातेवाइकांना झेपेना म्हणून भल्या रिचर्डसन यांच्या गळ्यात घातलेला. थोड्या वेळाने तो माणूस या दोघांजवळ आला आणि त्या वर्षी राजाने एका जुन्या बंडखोराला फाशी दिल्याबद्दल बोलू लागला. त्याचे बोलणे इतके धारदार, मुद्देसूद आणि ओघवते होते, की होगार्थ अवाक झाले. या वेड्याच्या अंगात तेवढ्यापुरता कुणी संचारला असावा, असेच त्यांना वाटले.

तो माणूस म्हणजे सॅम्युअल जॉन्सन. इंग्रजी भाषेचा मोठा शब्दकोश त्या वेळी तो जवळजवळ एकट्याने तयार करत होता.

मराठी वाचकाला जॉन्सन अगदीच परका नाही. त्यांची ‘रासेलस’ ही कथा कृष्णशास्त्री आणि विष्णुशास्त्री चिपळूणकर या पितापुत्रांनी मराठीत आणली. पुढे विष्णुशास्त्र्यांनी ‘निबंधमाले’त जॉन्सन यांच्यावर विस्ताराने लिहिले. त्यामुळे आपल्या आजोबा-पणजोबांच्या पिढीला जॉन्सन माहीत होते ते विद्वान, सडेतोड आणि मानी गृहस्थ म्हणून. पण आयुष्यभर या माणसाचा चेहरा, मान, हात आणि पाय त्याच्या ताब्यात नव्हते, आणि त्यापायी त्याला काय काय सोसावे लागले, ही बाजू आरोग्याच्या सदरात सांगण्यासारखी आहे.

जॉन्सन यांचा जन्म १८ सप्टेंबर १७०९ चा, इंग्लंडमधल्या लिचफिल्ड या छोट्या गावातला. वडील मायकेल पुस्तकविक्रेते. आई सारा त्या वेळी ४० वर्षांची होती आणि हे तिचे पहिले मूल. बाळंतपण अवघड झाले. बाळ रडेना, ते जगेल की नाही याचीच शंका होती. पुढे त्याला दूध पाजायला दाईकडे ठेवले, तिथून ते गंडमाळा घेऊन परतले. गंडमाळा म्हणजे मानेतल्या गाठींचा क्षयरोग. त्यात डोळेही बिघडले, डाव्या डोळ्याची दृष्टी जवळपास गेली. गाठींवर शस्त्रक्रिया झाली, तिचे व्रण गळ्यावर कायमचे राहिले.

त्या काळी इंग्लंडमध्ये समज असा, की राजाने किंवा राणीने हात लावला की गंडमाळा बऱ्या होतात. गावातले नामांकित वैद्य सर जॉन फ्लॉयर यांनीही तोच सल्ला दिला. हे फ्लॉयर साधे गृहस्थ नव्हते. नाडीचे ठोके घड्याळ लावून मोजण्याची कल्पना रुजवणाऱ्यांपैकी ते एक, आणि त्यासाठी त्यांनी खास घड्याळ बनवून घेतले होते. एका हातात घड्याळ आणि दुसऱ्या हातात राणीच्या स्पर्शाची चिठ्ठी, असे त्या काळचे वैद्यक होते. हसण्याआधी आपल्याकडच्या अंगाऱ्या-धुपाऱ्यांची आठवण ठेवलेली बरी. मार्च १७१२ मध्ये आई अडीच वर्षांच्या सॅम्युअलला घेऊन लंडनला गेली. राणी ॲन हिने त्याला स्पर्श केला आणि गळ्यात सोन्याचे एक नाणे घातले. गुण काही आला नाही, पण ते नाणे जॉन्सन यांनी जन्मभर गळ्यातून काढले नाही.

पोरगा हुशार निघाला. १७२८ च्या ऑक्टोबरमध्ये तो ऑक्सफर्डच्या पेम्ब्रोक कॉलेजात दाखल झाला. घरची गरिबी अशी, की बुटांतून पायाची बोटे बाहेर दिसत. कोणीतरी दयेने नवे बूट त्याच्या दारात ठेवून गेले, तर त्याने ते रागाने फेकून दिले. तेरा महिन्यांतच पैशांअभावी पदवीविना परतावे लागले.

याच सुमारास, वयाच्या विसाव्या वर्षी, त्याला मनाच्या खोल उदासीने घेरले. काही सुचेना, घड्याळाकडे पाहूनही वेळ कळेना, अशी अवस्था. उदासी झटकण्यासाठी तो लिचफिल्डहून बर्मिंगहॅमला पायी जाई आणि पायीच परत येई. तो पल्ला सुमारे ३२ मैलांचा होता. आज आपण नैराश्यात व्यायामाचा सल्ला देतो, तो उपाय या तरुणाने स्वतःच शोधला होता. पण पुरेना. मग त्याने एक धाडसाची गोष्ट केली. डॉक्टरची मदत मागितली.

डॉ. सॅम्युअल स्विनफेन हे त्याचे धर्मपिता होते आणि वैद्यही. जॉन्सनने आपल्या आजाराची सगळी हकीकत लॅटिनमध्ये लिहून त्यांना पाठवली. मनातले भय, लक्षणे, सगळे. विसाव्या वर्षी, कोणाशी बोलायची सोय नसताना, एका मुलाने स्वतःची केस अशी मांडणे सोपे नसते. उत्तरात स्विनफेन यांनी कळवले, की ही लक्षणे वेडाकडे झुकणारी दिसतात, काळजी घेतली नाही तर बुद्धी जाण्याची भीती आहे. हे कमी होते म्हणून की काय, ते पत्र इतके उत्तम लॅटिनमध्ये आणि इतक्या बारकाईने लिहिलेले होते, की त्यांनी कौतुकाने ते चार लोकांना दाखवले.

जॉन्सन यांना हे कळले. डॉक्टरांचा हेतू वाईट नव्हता, उलट धर्मपुत्राच्या बुद्धीचा अभिमानच होता. पण रुग्णाने विश्वासाने सांगितलेली गोष्ट त्याला न विचारता बाहेर गेली. त्यानंतर जॉन्सन यांचे त्यांच्याशी मन कधीच पूर्ण जुळले नाही. वैद्यकीय गोपनीयतेवर विद्यार्थ्यांना व्याख्याने दिली जातात, पण या एका पत्राची गोष्ट त्यापेक्षा जास्त काही सांगून जाते. विशेषतः आज, जेव्हा रुग्णाचा फोटो आणि रिपोर्ट व्हॉट्सॲपच्या ग्रुपवर टाकताना हात जराही थबकत नाही.

मनाची उदासी हा एक भाग झाला. दुसरा भाग सगळ्यांना दिसत होता, तो म्हणजे अंगाचे झटके. डोळे आणि तोंड वेडेवाकडे होई, मान एका खांद्याकडे कलून थरथरे, हात-पाय अचानक हलत. जॉन्सन यांना शिक्षक व्हायचे होते, आणि शिक्षकाच्या धंद्यात ही गोष्ट आडवी आली. १७३५ मध्ये सोलिहल इथल्या शाळेच्या चालकांनी त्यांना नाकारले. कारणे दोन. एक म्हणजे हा मनुष्य गर्विष्ठ आहे, आणि दुसरे म्हणजे तो चेहरा असा वाकडा करतो, की त्याचा मुलांवर परिणाम होईल. पुढे ब्रूड गावच्या शाळेतही तसेच झाले. तिथल्या मुख्याध्यापकांना त्यांच्या विद्वत्तेबद्दल शंका नव्हती, पण मुले त्यांच्या झटक्यांची नक्कल करतील, अशी भीती वाटली.

मुले नक्कल करतात, हे खरेच. जॉन्सन यांनी १७३५ मध्ये एलिझाबेथ पोर्टर या विधवेशी लग्न केले. ती त्यांच्यापेक्षा सुमारे वीस वर्षांनी मोठी होती. त्यांचे व्रण, झटके, अवतार पाहूनही तिने आपल्या मुलीला सांगितले, की इतका शहाणा माणूस आपण जन्मात पाहिला नाही. तिच्या पैशांतून त्यांनी लिचफिल्डजवळ स्वतःची शाळा काढली. विद्यार्थी मोजकेच. त्यातला एक डेव्हिड गॅरिक, जो पुढे इंग्लंडचा सर्वांत गाजलेला नट झाला. हा गॅरिक नंतर कितीतरी वर्षे मित्रमंडळींत गुरुजींची हुबेहूब नक्कल करून लोकांना हसवत असे. शाळा वर्षभरात बंद पडली. १७३७ च्या मार्चमध्ये गुरू आणि शिष्य दोघेही नशीब काढायला लंडनला निघाले.

तरीही शिक्षकी सुटली नव्हती. १७३९ साल वसईकरांच्या चांगले लक्षात असते. त्या वर्षीच्या मे महिन्यात चिमाजी अप्पांच्या फौजेने वसईचा किल्ला पोर्तुगिजांकडून घेतला. त्याच वर्षीच्या उन्हाळ्यात इंग्लंडमध्ये जॉन्सन यांच्यासाठी पुन्हा एका शाळेत शब्द टाकला जात होता. त्या जागेसाठी पदवी हवी होती, म्हणून लॉर्ड गॉवर यांनी डब्लिनहून पदवी मिळवून देण्याची खटपट केली. ती फसली. याच सुमारास प्रसिद्ध कवी अलेक्झांडर पोप यांनीही एका चिठ्ठीत जॉन्सन यांची बाजू मांडली, आणि त्यात लिहिले, की या माणसाला झटक्यांचा असा आजार आहे, ज्यामुळे कधी कधी तो बघणाऱ्याला केविलवाणा वाटतो. पोप स्वतः मणक्याच्या आजाराने कुबडे झालेले होते. त्यांनी त्याला आजार म्हटले, चाळे म्हटले नाही, हे लक्षात घेण्यासारखे आहे.

शाळा मिळाली नाही. त्यामुळे इंग्रजी भाषेला शब्दकोश मिळाला, असे म्हणायचा मोह होतो. पण नाकारले जाण्याचे असे समर्थन करू नये. उपाशी पोटी लंडनच्या रस्त्यांवर काढलेल्या रात्री त्या माणसाच्या होत्या.

१७४६ च्या जूनमध्ये प्रकाशकांशी करार झाला. गफ स्क्वेअरमधल्या घराच्या माळ्यावर सहा लेखनिकांना घेऊन काम सुरू झाले. १५ एप्रिल १७५५ रोजी शब्दकोश दोन खंडांत प्रसिद्ध झाला. ४२,७७३ शब्द आणि त्यांच्या वापराची एक लाखाहून जास्त उदाहरणे. मधल्या काळात, १७५२ मध्ये, पत्नी वारली. १७५९ मध्ये आई गेली. ‘रासेलस’ त्या सुमारास अवघ्या आठवड्याभराच्या संध्याकाळी लिहिली गेली. आईच्या अंत्यविधीचा खर्च आणि तिची देणी भागवायची होती.

१७६३ मध्ये जेम्स बॉसवेल हा तरुण त्यांना भेटला आणि पुढे त्यांचा चरित्रकार झाला. त्याने, तसेच चित्रकार जोशुआ रेनॉल्ड्स यांची बहीण फ्रान्सिस हिने जॉन्सन यांच्या हालचाली इतक्या बारकाईने टिपल्या आहेत, की आजच्या मेंदुविकारतज्ज्ञाला त्या केसपेपरसारख्या वापरता येतात. बोलता बोलता मान कलून हलत राही. अंग पुढे-मागे झुले. तळहाताने डावा गुडघा एकसारखा चोळला जाई. तोंडाने रवंथ केल्यासारखा आवाज, कधी अर्धवट शीळ, कधी कोंबडीसारखा क्लक-क्लक, वाद संपला की व्हेल माशासारखा मोठा फुत्कार. स्वतःशी पुटपुटणे चाले, त्यात प्रार्थनेचे तुकडे ऐकू येत.

काही गोष्टी याहून वेगळ्या होत्या. दारातून आत जाताना ठरावीक पावले आणि ठरावीक पाय उंबऱ्यावर पडला पाहिजे. चुकले तर मागे येऊन पुन्हा. त्यांच्या घरी राहणाऱ्या ॲना विल्यम्स या अंध बाईंना हात धरून नेतानाही, रेनॉल्ड्स यांच्या दारात आले की ते त्यांचा हात सोडून किंवा त्यांनाही गरागरा फिरवून आधी आपला विधी पुरा करत. रस्त्याने चालताना कडेच्या प्रत्येक खांबाला हात लावत. एखादा चुकला, तर परत जाऊन त्याला हात लावून येत.

हे सगळे नक्की काय होते, यावर त्यांच्या हयातीतच वाद झाला. बॉसवेलचा कल ‘सेंट व्हायटसचा नाच’ या आजाराकडे होता. सतराव्या शतकात थॉमस सिडनहॅम यांनी त्याचे वर्णन केले होते. आज त्याला सिडनहॅम कोरिया म्हणतात. जोशुआ रेनॉल्ड्स यांचे मत नेमके उलट. ते म्हणत, की हे अनैच्छिक मुळीच नाही. चित्रासाठी बसायला सांगितले, की जॉन्सन इतर कोणाहीसारखे स्वस्थ बसतात. मग झटके कसले? ही सवय आहे, मनात पूर्वीच्या काही चुकांचे विचार आले की ती उफाळते. खुद्द जॉन्सन यांनाही हेच वाटे. एका लहान मुलीने त्यांना निरागसपणे विचारले, की तुम्ही असे विचित्र हावभाव का करता. ते रागावले नाहीत. वाईट सवयीमुळे, असे त्यांनी सांगितले, आणि तू मात्र वाईट सवयींपासून सांभाळ, असा प्रेमळ सल्लाही दिला.

रेनॉल्ड्स यांचे निरीक्षण बिनचूक होते, निष्कर्ष मात्र चुकला. आणि हीच चूक आजही घरोघरी, शाळाशाळांतून होते.

अशा झटक्यांना वैद्यकात ‘टिक’ म्हणतात. टिक येण्याआधी त्या जागी एक अस्वस्थता दाटते. शिंक येण्याआधी नाकात होते तशी, किंवा खाज सुटल्यासारखी. हालचाल केली की क्षणभर मोकळे वाटते, मग पुन्हा तेच. शिंक आपण थोडा वेळ दाबू शकतो. म्हणून शिंक ही मुद्दाम केलेली गोष्ट ठरत नाही. टिकचेही तसेच. मूल शाळेत सहा तास जीव मुठीत धरून ती आवरते आणि घरी आल्यावर दप्तर टाकताच तिचा पूर येतो. मग आई म्हणते, बाहेर बरा असतो, घरातच मुद्दाम करतो. मन एखाद्या कामात गुंतले की टिक कमी होते. ताण, उत्साह, दमणूक यांनी वाढते. डॉक्टरच्या समोर तर ती हमखास गायब होते. जॉन्सन रेनॉल्ड्स यांच्यासमोर स्वस्थ बसत, ते याच नियमाने. (तरी १७६९ मध्ये रेनॉल्ड्स यांनी काढलेल्या एका चित्रात जॉन्सन यांचे हात हवेत, बोटे अर्धवट वळलेली आहेत. चित्रकाराच्या डोळ्याने जे पाहिले, ते त्याच्या मताला जुमानले नाही.)

कोरियाची गोष्ट वेगळी. तो सहसा लहान मुलांना, घशाच्या संसर्गानंतर काही आठवड्यांनी किंवा महिन्यांनी होतो. हालचाली एकीतून दुसरीत वाहत जातात, दाबता येत नाहीत, हातातला पेला सांडतो, अक्षर बिघडते. बहुधा काही महिन्यांत तो शमतो. पण संधिवाताच्या तापाचे ते लक्षण असल्याने हृदयाच्या झडपा तपासाव्या लागतात आणि दर तीन आठवड्यांनी पेनिसिलिनचे इंजेक्शन काही वर्षे घ्यावे लागते. आपल्या भागात हा आजार अजून संपलेला नाही. जॉन्सन यांच्या हालचाली मात्र लहानपणापासून म्हातारपणापर्यंत टिकल्या, रूप बदलत राहिल्या, दाबता येत होत्या आणि सोबत आवाजही होते.

जॉन्सन गेल्यानंतर १०१ वर्षांनी, १८८५ मध्ये, पॅरिसच्या साल्पेत्रिएर रुग्णालयातील तरुण डॉक्टर जॉर्ज जील द ला टूरेट यांनी अशाच नऊ रुग्णांची वर्णने प्रसिद्ध केली, आणि त्यांचे गुरू शार्को यांनी या आजाराला शिष्याचे नाव दिले. एकापेक्षा जास्त हालचालींच्या टिक, किमान एक आवाजाची टिक, वयाच्या १८ वर्षांआधी सुरुवात आणि वर्षापेक्षा जास्त काळ टिकणे, ही टूरेट सिंड्रोमची आजची व्याख्या. १९६० आणि ७० च्या दशकांत मेंदुविकारतज्ज्ञांनी बॉसवेल आणि मंडळींची वर्णने पुन्हा तपासली. त्यातले कॅनडाचे टी. जॉक मरे यांनी १९७९ मध्ये ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये लेख लिहून जॉन्सन यांना टूरेट असावा, असे मांडले. मृत माणसाचे निदान नेहमी जपूनच स्वीकारावे. पण इथे पुरावा भक्कम आहे. खांबांना हात लावणे आणि उंबऱ्याचा विधी ही मंत्रचळाची, म्हणजे ओसीडीची लक्षणेही त्यात बसतात, कारण टूरेट आणि ओसीडी बऱ्याचदा जोडीने येतात. टूरेट म्हटले की लोकांना शिव्या देणारा माणूस आठवतो. तसे फार थोड्या रुग्णांत घडते. जॉन्सन तर प्रार्थना पुटपुटत.

वसई-विरारच्या ओपीडीत हे मूल कसे येते? आधी ते डोळ्यांच्या डॉक्टरकडे जाऊन आलेले असते, कारण ते सारखे डोळे मिचकावते. मग कान-नाक-घशाच्या डॉक्टरकडे, कारण ते सारखे खाकरते. मधल्या काळात दृष्ट काढून झालेली असते, शाळेच्या डायरीत बाईंचा शेरा आलेला असतो, आणि दोन फटकेही बसलेले असतात. टिक बहुधा पाच ते सात वर्षांच्या दरम्यान सुरू होते, दहा-बारा वर्षांच्या सुमारास सर्वांत जोरात असते आणि बऱ्याच मुलांत वयात आल्यावर पुष्कळ कमी होते. काहींत, जॉन्सन यांच्यासारखी, जन्मभर राहते. मेंदूच्या खोलवरच्या भागात, हालचालींना सुरू-बंद करणाऱ्या जोडण्यांत हा दोष असतो, आणि तो बऱ्याचदा घराण्यात असतो. आईबापाच्या वळण लावण्याशी त्याचा संबंध नाही.

अशा मुलाला दाखवायला आणताना घरी मोबाइलवर दोन-तीन मिनिटांचा व्हिडिओ काढून आणावा. ओपीडीत मूल शहाण्यासारखे बसते आणि डॉक्टरला काहीच दिसत नाही. बहुतेक वेळा एमआरआय लागत नाही, औषधही लागत नाही. आजार काय आहे हे घरच्यांना आणि शाळेला समजावले, टोकणे थांबले, एवढ्यानेच निम्मे काम होते. टिकमुळे मान दुखत असेल, अभ्यास होत नसेल, मूल शाळेत जायला घाबरत असेल, तर एक खास प्रशिक्षण असते. त्यात टिकच्या आधीची अस्वस्थता ओळखून त्याच वेळी दुसरी, टिकला अडवणारी हालचाल करायला शिकवतात. २०१० मध्ये अमेरिकेत १२६ मुलांवर केलेल्या अभ्यासात या पद्धतीने निम्म्याहून जास्त मुले सुधारली. आपल्याकडे ती शिकवणारे मानसतज्ज्ञ अजून थोडे आहेत, त्यासाठी मुंबईच्या मोठ्या रुग्णालयापर्यंत जावे लागू शकते. क्लोनिडिन, रिस्पेरिडोन, ॲरिपिप्राझोल ही औषधे डॉक्टरच्या देखरेखीखालीच घ्यावीत. झोप येणे, वजन वाढणे हे त्यांचे त्रास आहेत.

सगळे झटके टिक नसतात, हेही सांगायला हवे. डोळा लवतो, पोटरी उडते, ते बहुधा जागरण, दमणूक आणि जास्तीच्या चहा-कॉफीमुळे. (जॉन्सन एका बैठकीत चहाचे कितीतरी पेले रिचवत आणि चहाच्या टीकाकाराविरुद्ध त्यांनी लिहिलेही होते. आजच्या डॉक्टरने त्यांना आधी तो कमी करायला सांगितला असता आणि त्यांनी तो ऐकला नसता.) पण स्नायू उडण्याबरोबर हाताची पकड सैल होत असेल, स्नायू बारीक होत असेल, बोलणे जड होत असेल, तर थांबू नये. झटक्यात शुद्ध हरपत असेल तर ती आकडी. साखर खूप वाढलेल्या वयस्कर मधुमेही माणसाचा एका बाजूचा हात-पाय अचानक आपोआप फेकला जाऊ लागला, तर त्याच दिवशी रुग्णालय गाठावे. उलटीच्या एखाद्या औषधाने तरुण मुला-मुलींची मान अचानक वाकडी होते, डोळे वर जातात. घरच्यांना भूतबाधा वाटते, पण ते इंजेक्शनने थोड्याच वेळात उतरते. मोठ्या वयात पहिल्यांदाच सुरू झालेला कोणताही झटका सवय समजून सोडून देऊ नये.

१८ व्या शतकात यातले काहीच नव्हते. जॉन्सन यांनी आपले आपणच उपाय शोधले. मन भरकटू लागले की ते गणिते सोडवत बसत, रसायनांचे प्रयोग करत. एकांत त्यांना सोसत नसे, म्हणून रात्र रात्र गप्पांची बैठक लांबवत. १७६० च्या दशकात उदासीने पुन्हा गाठले, तेव्हा थ्रेल दांपत्याने त्यांना आपल्या घरी नेऊन सांभाळले. आणि त्यांचे स्वतःचे घर म्हणजे कोणाला कुठे जागा नाही अशा माणसांचा गोतावळा होता. अंध ॲना विल्यम्स होत्या. जमैकात गुलामीत जन्मलेला फ्रान्सिस बार्बर होता, ज्याला त्यांनी शिकवले आणि पुढे आपला वारस नेमले. रॉबर्ट लेव्हेट होते. पॅरिसच्या कॉफीहाउसात वेटर असताना शल्यवैद्यांच्या गप्पा ऐकून, त्यांच्याकडून शिकून वैद्य झालेला हा माणूस लंडनच्या गरीब वस्त्यांत पायी फिरून इलाज करी. फी मिळाली तर मिळाली. नामांकित डॉक्टरांशी ओळख असलेल्या जॉन्सन यांचा सर्वांत जास्त विश्वास या पदवी नसलेल्या लेव्हेटवर होता. बिनपदवीच्या वैद्यकीचे समर्थन करण्याचे इथे कारण नाही. पण तो मनुष्य दार ठोठावताच जात असे, हे त्याच्या बाजूने नोंदवले पाहिजे. १७८२ मध्ये लेव्हेट गेले, तेव्हा जॉन्सन यांनी त्यांच्यावर शोकगीत लिहिले.

आणि याच घरात आणखी एक बाई राहत होत्या, एलिझाबेथ डेमूलां. या डॉ. स्विनफेन यांच्या कन्या. वडील गेल्यावर, पतीही गेल्यावर त्या हलाखीत आल्या, तेव्हा जॉन्सन यांनी त्यांना घरात खोली दिली आणि आठवड्याला अर्धा गिनी खर्चाला दिला. त्यांच्या वडिलांनी फोडलेल्या गुपिताची गोष्ट बॉसवेलला कळली ती या बाईंकडूनच.

१७ जून १७८३ च्या पहाटे जॉन्सन यांना पक्षाघाताचा झटका आला आणि वाचा गेली. बुद्धी शाबूत आहे का, हे पाहण्यासाठी त्यांनी अंथरुणातच लॅटिनमध्ये एक प्रार्थना रचली. ओळी फार चांगल्या जमल्या नाहीत, हे त्यांना स्वतःला कळले, आणि ते कळले म्हणूनच त्यांना धीर आला. मग शेजाऱ्याला चिठ्ठी लिहून डॉक्टर बोलावले. पन्नास वर्षांपूर्वी डॉक्टरवरचा विश्वास असा मोडलेला माणूस आता हेबर्डन आणि ब्रॉकल्सबी या दोघांवर निर्धास्तपणे विसंबला होता. दोघांनीही त्यांच्याकडून फी घेतली नाही. काही दिवसांत वाचा परत आली.

पुढच्या वर्षी दमा आणि अंगावरची सूज वाढली. आपण बरे होऊ का, हे सरळ सांगा, असे त्यांनी ब्रॉकल्सबी यांना विचारले. चमत्काराशिवाय नाही, असे ब्रॉकल्सबी यांनी खरे ते सांगितले. त्यानंतर जॉन्सन यांनी अफूही नाकारली, कारण शुद्धीवर राहून जायचे होते. आपले खासगी कागद त्यांनी जाळून टाकले. १३ डिसेंबर १७८४ च्या संध्याकाळी सातच्या सुमारास खोलीत दोघेच बसलेले होते, फ्रान्सिस बार्बर आणि डॉ. स्विनफेन यांची कन्या. बराच वेळ ऐकू येत असलेला श्वासाचा आवाज थांबला, हे त्यांच्या लक्षात आले आणि ते उठून पलंगाजवळ गेले.